बाईंचे वाफे

मनीषा विधाते यांना मी ओळखत होतो असं म्हणताना मला संकोच वाटतो. नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या इमारतीत त्या समोरच्या फ्लॅटमध्ये बरीच वर्षं राहिल्या. दार उघडता-लावताना रोज दिसायच्या. पण त्यांच्याविषयी मला नक्की काय माहीत होतं याचा विचार करायला बसलो, तर हाताला फार थोडं लागतं. त्यांच्या आईचं नाव मला ठाऊक नाही. नवऱ्याशी त्यांचं कसं जमत होतं ते ठाऊक नाही. त्या देवाकडे काही मागत असतील का, तेही नाही. त्यांना गोड आवडत नाही ही गोष्टसुद्धा मला अगदी उशिरा कळली, आणि तीही माझ्या पत्नीकडून.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने यंदा छोटासा अंक काढायचं ठरवलं आहे. प्रत्येकाने आपल्या पाहण्यातल्या एखाद्या साध्या माणसाबद्दल लिहावं, अशी सूचना आहे. मी पोस्टात नोकरी केली. लिहिणं म्हणजे अर्ज आणि खुलासे, एवढंच. कोणावर लिहिणार असं बैठकीत विचारलं तेव्हा माझ्या तोंडून बाईंचं नाव गेलं. नंतर वाटलं की आपण भलतंच ओढवून घेतलं. आता लिहितो आहे. जमलं नाही तर संपादकांनी खुशाल बाजूला ठेवावं.

बाई अंबडच्या बाजूला एका शाळेत गणित शिकवायच्या, पाचवी ते सातवीला. माहेर मखमलाबादचं. वडिलांचा झेंडूचा आणि शेवंतीचा मळा होता, त्यात थोडी मेथी-कोथिंबीर. यजमान अंबडलाच कंपनीत, पाळीची नोकरी, त्यामुळे ते दिसले तर जाताना नाहीतर झोपून उठल्यावर. एक मुलगी, ती पुण्याला नोकरी करते. बाईंना मी 'बाई' म्हणायचो. त्या मला काका म्हणायच्या आणि कमळाबाईंना, म्हणजे माझ्या पत्नीला, काकू.

आमचं बोलणं सुरू झालं ते पुठ्ठ्यामुळे. आमच्या मुलाने नवीन फ्रिज घेतला, त्याचं खोकं मी भंगारवाल्यासाठी जिन्यात ठेवलं होतं. बाई शाळेतून आल्या, खोक्यापाशी थांबल्या, हात लावून पाहिला आणि मला विचारलं, हे मला मिळेल का. मी हो म्हटलं. मग त्यांनी तिथेच जिन्यात बसून, पदर खोचून, कटरने त्याचे तुकडे करायला घेतले. मी खोकं धरून उभा राहिलो. आयत, चौरस, त्रिकोण, एक मोठी एल अक्षरासारखी आकृती. मी विचारलं, हे कशाला. त्या म्हणाल्या, क्षेत्रफळाला. एवढंच.

त्यानंतर घरात खोकं आलं की मी ते त्यांच्या दाराशी नेऊन ठेवायचो.

त्यांचं शिकवणं मी एकदाच पाहिलं. एके दिवशी तुकड्यांची पिशवी त्या घरी विसरल्या. यजमान पहिल्या पाळीला गेलेले. त्यांनी आमच्या घरी फोन केला, किल्ली आमच्याकडे असायचीच, तर काकांना पिशवी आणून द्यायला सांगाल का म्हणून. मी रिक्षाने गेलो. शाळेच्या मैदानावर त्यांचा वर्ग चालला होता. कबड्डीचं मैदान आखतात त्या पांढऱ्या फक्कीने त्यांनी जमिनीवर एलसारखी मोठी आकृती काढली होती आणि मुलं तिच्या कडेने उभी होती. पिशवी देऊन मी निघायला हवं होतं. पण रिक्षावाला निघून गेला होता, म्हणून लिंबाखाली थांबलो.

बाई म्हणाल्या, "हं, आता वाफे पाडा."

हा त्यांचा शब्द. पुस्तकात संयुक्त आकृतीचे भाग पाडा असं असतं. बाई वाफे पाडा म्हणायच्या, कारण लहानपणी मळ्यात तेच पाहिलेलं. वाकडीतिकडी जमीन असली तरी तिचे सरळ वाफे पाडले की काम सोपं होतं. पण वर्गात सगळ्या प्रांतांतली मुलं. कंपन्यांत कामाला आलेल्या लोकांची, पेठ-सुरगाण्याकडून बांधकामावर आलेल्यांची. एक मुलगा गोंधळून शेजारच्याला म्हणाला, वाफ खाली कशी पाडायची. दुसऱ्याने त्याला समजावलं, अरे भाप नाही रे, मेथीचा वाफा. बाई हसल्या नाहीत. त्यांनी हे दर वर्षी ऐकलं असणार.

सायखेड्याचा ओम नावाचा मुलगा होता, मावशीकडे राहून शिकत होता. त्याने पुढे होऊन आकृतीचे दोन वाफे पाडले, एक उभा, एक आडवा, मोजले आणि बेरीज सांगितली. बेरीज जास्त आली. का जास्त आली ते मलाही कळलं नाही, सांगायला हरकत नाही. बाईंनी त्याला विचारलं, "कुठून आणलंस?"

हासुद्धा त्यांचा शब्द. उत्तर बरोबर असो की चूक, त्या आधी विचारायच्या, कुठून आणलंस. मग मुलाने दाखवायचं.

ओमने दाखवलं. उभा वाफा वरपासून खालपर्यंत, आडवा डावीकडून उजवीकडे. जिथे दोन्ही मिळतात तो कोपरा त्याने उभ्यातही धरला होता आणि आडव्यातही.

बाई म्हणाल्या, "हा तुकडा कुणाचा?"

"दोघांचा हाय बाई."

"दोघांचा कसा?"

"बांधावानी. आमचे आबा म्हणतात बांध माझा, चुलते म्हणतात माझा. दोघंबी मोजतात."

"मग दोघांचं मोजून बेरीज केली तर शेत वाढतं का?"

"कागदावर वाढतं ना बाई."

सगळा वर्ग हसला. मीही हसलो असेन. बाईंनी पिशवीतून दोन आयताचे तुकडे काढले, एक उभा, एक आडवा, कोपऱ्यात एकावर एक येतील असे ओमच्या हातात दिले आणि त्याला डोळे मिटायला लावले. म्हणाल्या, बोट फिरव. त्याने बोट फिरवलं. कोपऱ्यापाशी बोट अडखळलं. जाड लागतंय, तो म्हणाला. तेवढं एकदा काढून टाक, बाई म्हणाल्या, आणि पुढच्या मुलाच्या हातात तुकडे दिले. सगळ्या वर्गाने बोट फिरवून होईपर्यंत तास संपला. दुसरं उदाहरण झालंच नाही. मला वाटलं, असं शिकवलं तर पुस्तक केव्हा पुरं होणार. पण तो माझा प्रश्न नव्हता.

घरी आल्यावर मी दोन पोस्टकार्डं तशी ठेवून डोळे मिटून बोट फिरवलं. पत्नी म्हणाली, काय हे, लहान पोरासारखं.

त्यांची आणखी एक रीत होती. मुलांनी अंदाजाने उत्तर लिहिलेलं त्यांना चालायचं नाही. मुलं त्याला ठोकणं म्हणतात. येत नसेल तर कोरं सोडा, रागावणार नाही, पण ठोकू नका, असं त्या सांगायच्या. त्यामुळे त्यांच्याकडे तपासायला येणाऱ्या पेपरांत मजा असायची. एका मुलीने अर्धं उदाहरण सोडवून खाली लिहिलं होतं, 'बाई, इथपर्यंत आलं, पुढचं येत नाही.' बाईंनी तिला इथपर्यंतचे गुण दिले होते. तो पेपर त्यांनी पत्नीला दाखवला आणि दोघी बराच वेळ हसत होत्या.

हे सगळं मी चांगलं म्हणून लिहितो आहे की नुसतं आठवतंय म्हणून, मलाच सांगता येत नाही.

मग गणपतीच्या दिवसांत सुप्रीम कोर्टाचा तो निकाल आला. मी पेपरात वाचला. आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांनीही पात्रता परीक्षा, जिला सगळे टीईटी म्हणतात, ती द्यायची. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त राहिली असतील त्यांनी दोन वर्षांत ती पास व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची. बाई पन्नाशीच्या आसपास. मी पेपर घडी करून त्यांच्या दाराशी न्यावा की नाही या विचारात होतो, तेवढ्यात त्याच आमच्याकडे आल्या, प्रसाद द्यायला. पत्नीने विचारलं, तुम्हालाही का हो. त्या म्हणाल्या, "मलाही. मी अजून शिक्षिका झाले की नाही ते आता कळेल, काकू."

त्यांनी अभ्यासाला सुरुवात केली. शाळा, मतदार याद्यांचं काम, घर, आणि मग अभ्यास. बालमानसशास्त्र, इंग्रजी, विज्ञान, सगळंच होतं. त्यांच्या खिडकीतला दिवा दिसायचा, पण अभ्यास चालला होता की त्या टेबलावर डोकं ठेवून झोपल्या होत्या, कोण जाणे. पायांना सूज यायची. जिना चढताना मधल्या वळणावर पिशवी खाली ठेवून उभ्या राहायच्या आणि मी दिसलो की उगीच मोबाईल काढायच्या. तेव्हा मी नजर वळवायचो.

परीक्षा झाली. त्या दिवशीची हकीकत त्यांनी दोन दिवसांनी सांगितली, गवार निवडत, मध्ये मध्ये थांबत. वर्गात सगळी पंचविशीतली मुलं-मुली. पुढच्या बाकावर मीना बसली होती, पेठकडची, एके काळी यांच्याच वर्गातली. तिने मागे वळून पाहिलं आणि आनंदाने उभी राहिली. म्हणाली, "बाई, तुम्ही सुपरव्हिजनला?"

"नाही गं," बाई म्हणाल्या, "तुझ्या मागच्या बाकावर."

मीनाने आपलं एक पेन काढून बाईंना दिलं. बाईंकडे पेनं होती, तरी त्यांनी ते घेतलं.

पेपरात क्षेत्रफळाचा प्रश्न आला. आयताकृती बाग, तिच्या मधोमध एकमेकांना छेदणारे दोन रस्ते, रस्त्यांचं क्षेत्रफळ किती. चार पर्याय. बाईंनी पाहिलं तर पहिलाच पर्याय ओमच्या चुकीचा होता. म्हणजे मधला चौक दोन्ही रस्त्यांत मोजला की येतं ते उत्तर, मुद्दाम ठेवलेलं. बाईंना ते चटकन कळलं. बरोबर उत्तरही कळलं. पण त्या तिथे थांबल्या. कोऱ्या जागेत आकृती काढली, वाफे पाडले, चौक एकदा वजा केला, उलट बाजूने पडताळा केला. का केलं ते त्यांना सांगता येईना. त्या म्हणाल्या, हात तसाच चालला. त्याच्या पुढच्या भूमितीच्या प्रश्नांनाही हात तसाच चालला. घंटा झाली तेव्हा शेवटची पानं राहून गेली होती. मुलं भराभर गोल काळे करत होती, न वाचता. चुकलं तरी गुण कापत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं, बाईंनाही. पर्यवेक्षक उत्तरपत्रिका गोळा करत यांच्यापर्यंत येईस्तोवर वेळ होता.

"मग?" पत्नी म्हणाली.

"कोरंच दिलं."

निकाल लागला. थोडक्यात राहिल्या. मीना पास झाली, ती पेढे घेऊन बाईंच्या घरी येऊन गेली, आणि बाईंनी ते पेढे आमच्याकडे पाठवले. गोड त्यांना आवडत नाही हे मला कळलं ते तेव्हा. पत्नी म्हणाली, अहो, त्यांना कधीच आवडत नव्हतं, तुम्हाला काय माहीत असतं.

सगळ्यांनी त्यांना बोलून घेतलं. पुण्याची मुलगी फोनवर ओरडली, ते स्पीकरवरून जिन्यापर्यंत ऐकू आलं. मुख्याध्यापकांनी सांगितलं म्हणे, मॅडम, तत्त्व बाजूला ठेवा, अजून एक-दोन संधी आहेत. बाईंनी मला सांगितलं की त्यात तत्त्व वगैरे काही नव्हतं. मला ते खरं वाटलं. पण खरं काय होतं ते मी विचारलं नाही.

पुढच्या परीक्षेचा फॉर्म त्यांनी भरला. आणि एके दिवशी संध्याकाळी आमच्याकडे येऊन, जरा अवघडून, मला विचारलं की काका, तुम्हाला वेळ असतो, तर मला प्रश्न वाचून दाखवाल का, घड्याळ लावून. घरी एकटीने वेळ पाळता येत नाही. मी हो म्हटलं. पत्नी आतून म्हणाली, "यांना दुधाचा हिशेब जमत नाही, हे गणिताचा पेपर घेणार."

पण घेतला. आमच्या जेवणाच्या टेबलावर रोज संध्याकाळी. मी प्रश्न वाचायचो, समोर टेबलावरचं घड्याळ. मिनिट झालं की मी सांगायचं, झालं, पुढे. मला ते फार जड जायचं. बाई पट्टी धरून आकृतीत रेघ ओढत असायच्या आणि मी म्हणायचो, "झालं बाई. ठोका."

"थांबा काका, एवढा त्रिकोण राहिलाय."

"ठोका."

"अगं ठोक ना पोरी," पत्नी भाजी निवडता निवडता म्हणायची, "इथं तुझं कोण बघतंय."

सुरुवातीला त्यांना ते जमेना. गोलावर पेन टेकवायच्या आणि उचलायच्या. एकदा पेन टेकवून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. नापास झालेल्या मुलाने बघावं तसं. मी घड्याळाकडे बघितलं.

हळूहळू जमायला लागलं. आधी त्या डोळे मिटून ठोकायच्या, मग उघडे ठेवून. मग आकृती न काढता. चार पर्यायांतले दोन उघडच चुकीचे असतात, उरलेल्या दोनांतला मोठा घ्यायचा की लहान, याचा त्यांना अंदाज आला. त्या भराभर जाऊ लागल्या. पट्टी टेबलावर नुसती पडून राहायला लागली. गुण वाढले. एका संध्याकाळी पास होण्याइतके झाले, दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. पत्नीने खुशीने चिवडा केला. मलाही बरं वाटलं. माझ्या हातून कुणाचं काही काम झालं असं फारसं कधी घडलेलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी बाई आल्या आणि पुस्तक न उघडता बसून राहिल्या. मी घड्याळ लावलं, बंद केलं. त्या दिवशी शाळेत घटक चाचणी झाली होती. सातवीत समर्थ म्हणून मुलगा होता, हुशार नाही, मठ्ठही नाही. क्षेत्रफळाच्या उदाहरणात त्याने नुसतं उत्तर लिहिलं होतं. आकृती नाही, वाफे नाहीत, काही नाही. आणि उत्तर बरोबर होतं. बाईंनी त्याला टेबलापाशी बोलावलं. तो आला आणि त्यांनी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "ठोकलं बाई. बरोबर आलं ना?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काही नाही. पूर्ण गुण दिले, पुढचा पेपर घेतला." त्यांनी पट्टी पुस्तकावर सरळ ठेवली. "मला विचारावंसंच वाटलं नाही, काका. कंटाळा आला होता."

पत्नी म्हणाली, एखाद्या दिवशी होतं असं, माणूस दमतं. बाई म्हणाल्या, हो, दमतं. मग त्यांनी पुस्तक उघडलं आणि आम्ही पेपर सोडवला. त्या दिवशी त्यांना आतापर्यंतचे सगळ्यांत जास्त गुण पडले.

परीक्षा रविवारी होती. केंद्र नाशिक रोडला, म्हणजे घरातून लवकर निघायला हवं होतं. मी आदल्या दिवशी ओळखीच्या रिक्षावाल्याला सांगून ठेवलं होतं. यजमान पहाटेच पहिल्या पाळीला गेले होते. बाई तयार होऊन आमच्या दारात आल्या. इस्त्रीची साडी, पाण्याची बाटली, प्लास्टिकच्या पिशवीत हॉल तिकीट आणि आधार कार्ड. पत्नीने हातावर दही दिलं. रिक्षा खाली येऊन थांबली होती, हॉर्न ऐकू आला.

बाई म्हणाल्या, काकू, अर्धा कप चहा द्याल का. आणि खुर्चीवर बसल्या.

पत्नीने चहा टाकला. बाईंनी तो सावकाश प्यायला. त्यांचा गिझर बिघडला होता, त्याविषयी बोलल्या. प्लंबर दोनदा येऊन गेला, तिसऱ्यांदा येतो म्हणाला, आला नाही. पत्नीने आमच्या प्लंबरचं सांगितलं. पुन्हा हॉर्न वाजला. पत्नीने माझ्याकडे बघितलं. मी उठून गॅलरीत गेलो. रिक्षावाल्याला काय खूण करावी ते कळेना, म्हणून हात वर केला आणि तसाच खाली घेतला. परत येऊन बसलो तर दोघी डासांविषयी बोलत होत्या. भिंतीवर घड्याळ होतं. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत नव्हतो. मी बोलायला हवं होतं का? पण काय बोलायचं? नोकरी त्यांची, पाय त्यांचे. मी घड्याळ लावून प्रश्न वाचणारा माणूस.

बराच वेळ गेला. रिक्षा निघून गेल्याचा आवाज आला. बाईंनी कप विसळून ओट्यावर पालथा घातला आणि परत येऊन बसल्या.

"आता गेट लागलं असेल," त्या म्हणाल्या.

पत्नी म्हणाली, "आणखी चहा टाकते."

त्यावर पुढे त्यांच्या घरात काय झालं ते मला माहीत नाही. यजमान दुपारी आले, दार लागलं. मोठा आवाज आला नाही. मुलगी पुण्याहून आली आणि गेली. थोड्या दिवसांनी बाईंनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिल्याचं पत्नीला कळलं. लोकांनी आपापले अर्थ लावले. कुणी म्हणालं, पुन्हा नापास होण्याची भीती वाटली. कुणी म्हणालं, नवऱ्याचा पगार चांगला आहे, काय बिघडतं. पत्नीचं मत असं की त्या दमल्या होत्या, बाकी काही नाही. माझं मत मी कुणाला सांगितलेलं नाही, कारण ते रोज बदलतं. आमच्या टेबलावर त्या ठोकायला शिकल्या म्हणून त्यांनी नोकरी सोडली, असंही मला एकदा वाटून गेलं. पण असं म्हणणं म्हणजे मी स्वतःला उगाच फार महत्त्व देणं होईल.

सत्र संपेपर्यंत त्या शाळेत जात राहिल्या. एकदा मी विचारलं, नव्या खोक्याचा पुठ्ठा ठेवू का. त्या म्हणाल्या, ठेवा. आणि नेला. म्हणजे शेवटपर्यंत तुकडे कापत होत्या. वर्गात बसून त्या पुन्हा 'कुठून आणलंस' विचारू लागल्या की नाही, हे मला विचारायचं होतं. राहून गेलं.

मखमलाबादला मळ्यातला जो थोडा तुकडा भावांनी त्यांच्या वाट्याला ठेवला होता, त्यावर त्यांनी लहान घर बांधलं. सिडकोतलं सामान एका सकाळी टेम्पोत भरलं. पत्नी खाली जाऊन उभी राहिली, दोघी एकमेकींच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी बोलल्या. मखमलाबाद काही दूर नाही. पण त्यालाही आता बरेच महिने झाले, आणि आम्ही गेलेलो नाही, त्याही आलेल्या नाहीत.

मी जिन्यात उभा होतो. बाई शेवटची पिशवी घ्यायला वर आल्या, कुलूप लावलं आणि माझ्यापाशी थांबल्या. काहीतरी चांगलं बोलावं असं मला वाटत होतं.

"काका," त्या म्हणाल्या, "मी मोटार चालू केली आहे. टाकी भरली की बंद करा. नाहीतर पाणी वाहत राहील."

"करतो," मी म्हणालो.

"आणि काकूंना सांगा, गच्चीवरची कढीपत्त्याची कुंडी तुमच्यासाठी ठेवली आहे."

"सांगतो."